दिवस वाढला आणि करमेनासं झालं

नमस्कार ताई,

मी अमळनेरची, वय ४८. मालकांचं किराणा दुकान आहे. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला, धाकटी यंदाच नाशिकला शिकायला गेली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. होळी झाल्यापासून माझं तंत्रच बिघडलंय. खिडकीत जरा उजाडलं की डोळे टक्क उघडतात, पाहावं तर साडेपाच. सासूबाई तर चारलाच उठून ओट्यावर बसलेल्या असतात. रात्री साडेबारापर्यंत झोप नाही. दुपारी कूलरसमोर दीडला पडते ती चारला उठते, डोकं जड. चहा झाला की दिवेलागणीपर्यंतचा वेळ सरता सरत नाही. कुणी काही बोललं की चिडते, मग एकटीच रडते. पाळीचंही वेळापत्रक राहिलेलं नाही. हिवाळ्यात मी छान होते. सासूबाई म्हणतात, दिवस मोठा झाला, आता कामं कशी पटापट उरकतील. माझं तर एकही धड उरकत नाही. यंदा बिबड्या-कुरडयासुद्धा केल्या नाहीत, खाणार कोण? आमच्या बोलीत सांगायचं तर, माले करमसच नही. मी आळशी झालेय की डोक्यातच काही बिघाड झालाय? शेजारीण म्हणते, माझी झोपेची गोळी अर्धी घेऊन बघ. घेऊ का?

– एक वाचक, अमळनेर

प्रिय ताई,

गोळीचं आधी सांगते: घेऊ नका. ती गोळी शेजारणीच्या डॉक्टरांनी तिला तपासून दिलेली आहे. तुमचा रक्तदाब, तुमचं थायरॉइड, तुमची पाळी यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नाही. शिवाय झोपेच्या अनेक गोळ्यांची सवय लागते आणि मग त्या सोडवताना त्रास होतो.

आता आळसाचं. तुमचं पत्र वाचताना मी तुमचेच आकडे कागदावर मांडले. साडेबाराला झोप, साडेपाचला जाग. पाच तास. महिनाभर रोज पाच तास झोपणारी बाई चिडणार नाही, रडणार नाही, तर काय करेल? दुपारची ती अडीच तासांची झोप म्हणजे उसनवारी आहे, आणि ती रात्रीच्या खात्यातूनच वळती होते. तुम्ही आळशी नाही, तुम्ही थकलेल्या आहात. हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाही. तुमच्या पत्रातच ते लिहिलेलं आहे.

हे पाच तास झाले कसे, ते बघू. संक्रांतीच्या सुमाराला अमळनेरला सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय तेव्हाचाच. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आपल्याकडे म्हणतात, आणि सकाळच्या बाजूने तरी ते अगदी खरं आहे. आत्ता, एप्रिलच्या मध्याला, सूर्योदय सव्वासहाच्या आत आलाय. मेअखेरीला तो पावणेसहाच्या जवळ येईल. म्हणजे पहाट एक तास वीस मिनिटांनी अलीकडे सरकते. संध्याकाळ सरकते पलीकडे: संक्रांतीला सहा-दहाला मावळणारा सूर्य मेअखेरीला सात वाजून गेल्यावर मावळतो. मार्चमध्ये ही वाढ सर्वांत भराभर होते, रोज सव्वा मिनिट. रोजचं सव्वा मिनिट कुणाच्या लक्षात येत नाही, पण होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एवढ्यात ते पाऊण तासाच्या वर भरतं.

आणि तुमचं घर, आपल्या बहुतेकांच्या घरांसारखं, दिवेलागणीवर चालतं. देवापाशी दिवा लागला की मग कुकर. दिवा तासभर उशिरा लागायला लागला की कुकर उशिरा, जेवण उशिरा, भांडी उशिरा, अंथरूण उशिरा. मालक दुकान वाढवून साडेनऊला येतात, उन्हाळ्यात गिऱ्हाईकही रात्रीच बाहेर पडतं, म्हणजे कधी दहा. तिकडे पहाट मात्र कुणासाठी थांबत नाही. रात्र दोन्ही टोकांनी कुरतडली गेली आणि मध्ये तुमच्या वाट्याला पाच तास उरले.

डोळा टक्क का उघडतो, तेही सांगते, म्हणजे डोक्यातल्या बिघाडाची भीती जाईल. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ ते. डोळ्यांत उजेड शिरला की ते स्वतःला जुळवून घेतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं द्रव्य रक्तात वाढायला लागतं आणि झोपेची तयारी होते. उजाडलं की ते ओसरतं. हे घड्याळ पेशींच्या आत नेमकं कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तुमच्या खिडकीत उजेड आला आणि तुम्ही जाग्या झालात, म्हणजे तुमचं आतलं घड्याळ चोख आहे. घरातलं वेळापत्रक त्याच्याशी जुळेनासं झालंय, एवढंच.

तुम्ही कदाचित मोबाईलवर वाचलं असेल की दिवस लांबला की मन प्रसन्न होतं. ते खरं आहे, पण ते दुसऱ्या मुलखाचं आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. लंडनसारख्या शहरात डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा होतो. तिथल्या माणसाला वसंतातला उजेड औषधासारखा लागू पडला तर नवल नाही. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसातला फरक जेमतेम अडीच तासांचा, आणि उजेडाची टंचाई बाराही महिने नाही.

खानदेशाचा आनंदाचा हंगाम हिवाळा आहे, ताई. तुम्ही हिवाळ्यात छान होतात यात आश्चर्य कसलं? शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, हरभऱ्याचे घाटे सोलत उन्हात बसणं. दुपारी दोन वाजता बाहेर बसवतं असे आपले तेच चार महिने. होळीनंतर हे सगळं एकदम मिटतं. दिवस मोठा होतो, पण उन्हाने मधोमध तुटतो. अकरापासून पाचपर्यंतचे सहा तास आपण दार लावून, पडदे ओढून, कूलरच्या घरघरीत काढतो. उजेड वाढल्याचा हिशेब कॅलेंडरात, हातात मात्र सकाळचा एक तुकडा आणि संध्याकाळचा एक तुकडा. उकाड्याच्या दिवसांत झोप उडणं, जेवण न जाणं, चिडचिड होणं हे डॉक्टरांनाही ठाऊक असलेलं आहे. सासूबाई म्हणतात तशी जास्तीची कामं या दिवसात बसत नाहीत, कमीच बसतात.

त्यातून आपलं घड्याळही सूर्याच्या पुढे धावतं. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर धरलेली आहे. अमळनेर तिच्या पश्चिमेला सुमारे साडेसात अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अर्धा तास. आपली खरी माध्यान्ह साडेबाराच्या सुमाराला होते. घड्याळात चार वाजले तरी ऊन साडेतीनचं असतं. चारच्या चहानंतर तुम्हाला ‘आता संध्याकाळ झाली’ असं वाटतं आणि ती होतच नाही, त्याचं एक कारण हेही. जानेवारीत चहा ते दिवा यांत दोन तास असतात. मे महिन्यात तीन.

आता करायचं काय. पहाट मागे ढकलता येणार नाही आणि ढकलूही नका, या मुलखातला उन्हाळ्याचा चांगला वेळ तोच आहे. रात्रीचं टोक सोडवायला हवं. तुमच्या घरात ते अडकलंय जेवणापाशी.

तुम्ही आणि सासूबाई साडेसातला जेवून घ्या. मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आहे. घरधनी जेवल्याशिवाय जेवायचं नाही ही शिस्त तुमच्यात मुरलेली असेल, माझ्यातही होती. पण त्या शिस्तीपायी सत्तरी ओलांडलेल्या तुमच्या सासूबाईसुद्धा दहापर्यंत ताटकळत असतील, आणि त्या चारला उठतात. वय वाढलं की झोप तशीही अलीकडे सरकते, पहाटे जाग येते. मालकांना आज रात्रीच सरळ सांगा, “उन्हाळाभर आम्ही दोघी आधी जेवणार आहोत, मला झोप मिळत नाहीये.” तक्रारीच्या सुरात नको, निरोप सांगावा तसं सांगा. त्यांचं ताट झाकून ठेवा, ते आले की भाकरी गरम करून द्या, समोर बसा. कुकर दिव्यानंतरच लावायचा हा नियम कुठल्या पोथीत नाही. तो सहाला लावा, दिव्याच्या वेळी जेवण तयार असू द्या. भाजी तर सकाळच्या गारव्यातच होऊ शकते.

मग साडेदहाला अंथरूण, आणि खोलीत नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. झोप लागायची तर शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, ते त्या खोलीत होत नाही. जुन्या धाब्याच्या घरांतली जाड माती ऊन अंगावर घ्यायची आणि आत बरं असायचं, ती घरं आता गेली. गच्ची असेल तर गच्चीवर झोपा, मच्छरदाणी लावून. सूर्य मावळल्यावर बादलीभर पाणी मारा. नळ रोज येत नसेल तर भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला काढून तेच वापरा. सुरई उशाशी ठेवा, मोबाईल खालीच राहू द्या. साडेदहा ते साडेपाच, सात तास झाले. उरलेली थोडी कसर दुपारी भरून काढा: दीड-दोनच्या सुमाराला अर्धा तास, गजर लावून. तीननंतर पडायचं नाही. अडीच तास झोपलात की गाढ झोपेतून उठता, म्हणून ते डोकं जड होतं, आणि रात्री बारा वाजतात.

हे आठ-दहा दिवस नेमाने केलंत तर झोपेपुरता फरक पडेल. पण पत्रातलं जे वाक्य मला परत परत वाचावंसं वाटलं, ते झोपेचं नाहीच. “खाणार कोण?”

माझा मुलगा शिकायला बाहेर गेला त्या उन्हाळ्यात मी दुपारचं जेवण गॅसपाशी उभ्यानेच उरकायचे. एकटीसाठी ताट काय मांडायचं, असं वाटायचं. भाकरीवर भाजी घ्यायची, चार घास गिळायचे, हात धुवायचे. पाच मिनिटांत जेवण संपायचं आणि पुढे अख्खी दुपार उभी असायची. तुमच्या घरातून यंदाच लेक गेली. तिची सकाळची शाळा, तिचा डबा, तिला दुपारी उन्हात बाहेर पडू नको म्हणून ओरडणं, संध्याकाळी क्लासहून यायची तिची वेळ, या सगळ्यांनी तुमचा दिवस भरलेला होता. दिवस वाढला तो सव्वा मिनिटाने. रिकामा झाला तो तासांनी. आणि उघडा उजेड असा रिकामा वेळ जास्त दाखवतो. हिवाळ्यात सहाला अंधार पडला की मन आपोआप घरात, चुलीपाशी येतं. आता सात वाजेपर्यंत लख्ख दिसत राहतं की दारातून कुणीच येणार नाहीये.

म्हणून बिबड्या सोडू नका म्हणते मी. तुमच्या घरी नका करू हवं तर. गल्लीत कुणाकडे तरी याच आठवड्यात घाटा शिजणार असेल, तिथे जा. आठवा जरा: तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटे पाचला आधण, मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-जिरं आणि तीळ, एकीने चाटू धरायचा, दुसरीने पीठ सोडायचं, तिसरी नुसतीच “गुठळी होईल गं” म्हणायला. घाटा शिजला की आधी वाटीत, वर कच्चं तेल. मग गच्चीवर ओलं धोतर पसरायचं, बोटं पाण्यात बुडवून गरम घाटा पातळ थापत जायचं, ओळीने. नऊ वाजायच्या आत सगळं आटोपायचं, कारण नंतर पाय पोळतात. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि एकेक बिबडी अलगद सोडवायची. यात काय काय झालं बघा. उठल्या उठल्या तासभर कोवळा उजेड डोळ्यांत गेला, आतलं घड्याळ त्याच्यावर लागलं, म्हणजे रात्रीची झोपही वेळेवर येणार. हाताला काम, शेजारी माणसं, आणि तुम्ही तिथे नसतात तर कुणीतरी “आज आल्या नाहीत का?” असं विचारलं असतं. आपल्या बायांनी हा उन्हाळा असाच निभावला, पहाटेला काम बांधून. खाणार कोण, याचं उत्तर द्यायची घाई नको. नाशिकच्या वसतिगृहात एका डब्याला आठ जणी लागतात.

ज्या दिवशी असं काही नसेल त्या दिवशी निदान सासूबाईंशेजारी ओट्यावर जाऊन बसा. चारला नको, तुम्हाला जाग येईल तेव्हा, साडेपाच-पावणेसहाला. त्या दीड तास तिथे एकट्याच असतात. तुम्ही दोघी एकाच घरात, एकाच त्रासात आहात आणि तो दोन टोकांना बसून काढताय, असं मला पत्रावरून वाटलं. पहिला चहा तिथे घ्या.

संध्याकाळचा तुकडा मात्र घराबाहेर काढायचा. साडेसहा ते साडेसात, रोज, ठरलेल्या एखाद्या बाईबरोबर. एकटीने ठरवलेलं तिसऱ्या दिवशी मोडतं. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरेल तेव्हा सगळं गाव तसंही संध्याकाळी बाहेरच असेल, पण तोवर वाट बघू नका. देवळापर्यंत जा, भाजी आणायला पायी जा, एखाद्या पोरीला पाढे शिकवायला बसा. चार ते साडेसहाच्या त्या तापलेल्या वेळात बसून करायचं काम ठेवा: गहू निवडणं, चिंचा फोडणं, शिलाई. आणि लेकीला फोन त्याच वेळी करा, रात्री नको. रात्रीच्या फोननंतर तुम्ही किती वेळ जाग्या असता, ते तुम्हालाच ठाऊक.

आता डॉक्टरांचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल तर रात्री अंगातून वाफा येणं, घाम फुटून जाग येणं, उगाच रडू येणं हे त्याचंही असू शकतं, आणि उन्हाळ्यात ते उकाड्यावर ढकललं जातं. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्ही तपासण्या साध्या आहेत. बीपीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात त्यांत बदल लागतो का, हेही तेव्हाच विचारा. पाणी तहान लागण्याआधी प्या. अंगातलं पाणी कमी झालं तरी डोकं दुखतं आणि चिडचिड होते.

आणि हे नीट वाचा. वेळेवर झोपूनही दोन आठवडे रोज मन खालीच राहिलं, जेवण जाईना, आवडीच्या कशातच जीव लागेना, किंवा ‘मी नसते तर बरं’ असा विचार एकदाही डोकावला, तर थांबायचं नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपलं नाव-गाव सांगायची लाज वाटली तरी फोन करा. मालकांनाही हा नंबर लिहून द्या, दुकानात त्यांना माणसं भेटत असतात. याच ऋतूत काही जणांना उलटंही होतं: तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो, आणि घरचे म्हणतात, किती उत्साह आलाय. घरात आधी कुणाला असा आजार झालेला असेल तर अशा उत्साहाकडे डोळेझाक करू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

आखाजीला लेक येईलच घरी, झोका बांधायचा म्हणून. ती आल्यावर दोन दिवस तुमचं सगळं वेळापत्रक कोलमडेल, रात्री दोन-दोनपर्यंत गप्पा होतील. होऊ द्या. ती गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून पुन्हा साडेसातचं जेवण.

पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की मालक आले की त्यांच्याबरोबर दहाला अर्धा कप चहा होतो, दिवसभरात तेवढाच काय तो दोघांचा वेळ, तो चालेल का. चहातलं कॅफिन बराच वेळ अंगात राहतं, तुमचा शेवटचा चहा चारचाच हवा. दोघांचा वेळ मात्र तसाच राहू द्या. ते बसतील तेव्हा तुम्हीही बसा, दुकानातलं ऐका, लेकीचं सांगा. कप तेवढा एकच भरा.